दिसला नाही

लघुग्रह शोधायच्या माझ्या निरीक्षणाच्या वहीत एका रात्रीपुढे एवढंच लिहिलेलं आहे : ‘२:४०. दिसला नाही. बद.’ ‘बंद’वरचा अनुस्वार द्यायचंही त्राण उरलं नव्हतं बहुतेक. दवाने त्या पानावरची शाई थोडी फुटली आहे आणि शेवटच्या अक्षरानंतर पेन घसरत पानाच्या काठापर्यंत गेलं आहे. एरवी मी त्या पानाकडे पुन्हा वळूनही पाहिलं नसतं. पण १८ दिवसांनी हार्ड डिस्क भरली आणि जुने फोटो उडवायला बसले. उडवायच्या आधी प्रत्येक रात्रीचे फोटो एकदा पडद्यावर पुढे-मागे फिरवून बघायची मला खोड आहे. जुनी पत्रं फाडायच्या आधी माणूस एकदा वाचतोच, तशी. त्या रात्रीच्या ६० फोटोंच्या मी तेव्हाच तीन थप्प्या लावून ठेवल्या होत्या, वीस-वीसच्या. एक, दोन, तीन. पुन्हा एक, दोन, तीन. थप्पी म्हणजे एकमेकांवर चढवून एक केलेले फोटो. ती लघुग्रहाच्या अंदाजे वेगाने सरकवत लावलेली असते, त्यामुळे तारे सगळे आखूड रेघा होऊन जागच्या जागी बसलेले. आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे दुर्बिणीची ताकद संपत येते आणि रेघाही वाकड्या व्हायला लागतात, तिथे त्या रेघांच्या गर्दीत एक गोल, राखाडी ठिपका प्रत्येक वेळी थोडा डावीकडे सरकत होता.

तो तिथेच होता. मी मधे बघत बसले होते.

त्याच्या २० तास आधी एका मोठ्या सर्वेक्षणाच्या दुर्बिणीने त्याचे चार फोटो काढले होते. चार फोटो, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत जेमतेम ४० मिनिटं, आणि त्यांत सरकलेला एक ठिपका. एवढ्या भांडवलावर तो मायनर प्लॅनेट सेंटरच्या, म्हणजे जगभरच्या लघुग्रहांची नोंद ठेवणाऱ्या केंद्राच्या, निश्चितीच्या यादीवर चढला होता. नाव म्हणाल तर अक्षरं-आकड्यांचं तात्पुरतं लेबल. यादीत अशी लेबलं कायमच लटकलेली असतात. प्रत्येकापुढे तो किती मंद, शेवटचा कधी दिसला, आत्ता कुठे असावा. मग जगभरातले आमच्यासारखे लोक आपापल्या काळोखात बसून त्यातलं एखादं उचलतात, सांगितलेल्या जागी दुर्बीण रोखतात, सापडला तर त्याची जागा मोजून कळवतात. पुरेशा जणांनी कळवलं की कक्षा बसते आणि त्याला बऱ्यापैकी कायमची ओळख मिळते : साल, पंधरवड्याचं अक्षर, त्या पंधरवड्यातला क्रम. कोणाकडूनच काही आलं नाही तर काही दिवसांनी तो यादीवरून उतरतो आणि मागे एक ओळ राहते, निश्चिती झाली नाही म्हणून. मी जाऊन बघितलं. माझ्या ठिपक्याच्या लेबलापुढे तीच ओळ होती.

पहिल्या क्षणी आनंद झाला, हे कबूल करायला हवं. खुर्चीतून उठलेही. मग हळूहळू पोटात काहीतरी गोळा व्हायला लागलं. दगड तो, पृथ्वीला धडकणार वगैरे नव्हता; त्या रात्रीच्या कुठल्याच अंदाजात तशी चिन्हं नव्हती. ४०-५० मीटरचा असेल-नसेल. हरवला तर कोणाचं काय अडलं? असं स्वतःला बजावत मी तो कोपरा पुन्हा पुन्हा मोठा करून बघत राहिले.

रात्र कशी जाते ते सांगते, म्हणजे मी मधेच का बघत बसले ते कळेल. दुर्बीण १४ इंची. तिच्या तोंडाला दव धरू नये म्हणून गुंडाळलेला गरम पट्टा, त्याच्या वायरचा कुबट रबरी वास. कॅमेरा उणे १५ अंशांवर थंड केलेला, त्याचा पंखा कानाशी एकसुरी घुं-घुं करत असतो. लॅपटॉपच्या पडद्यावर लाल कागद. ३० सेकंद शटर उघडं, मग फोटो उतरायला काही सेकंद, मग पुन्हा ३०. या ३० सेकंदांत करण्यासारखं काहीही नसतं. हात काखेत घालून बसायचं. साठ वेळा. एका फोटोत त्या दर्जाचा मंद ठिपका दिसतच नाही. थप्पी लावल्यावर, सगळे फोटो एकमेकांवर चढवल्यावर, गोंगाटातून तो वर येतो. वर येतो म्हणजे काय, ‘आहे बहुतेक’ इतपत. डोळे चोळून बघितलं की नाहीसा होतो, नजर थोडी बाजूला नेली की परत येतो. आणि अडीच वाजता, पश्चिमेकडून ढगांची कड दिसायला लागलेली असताना, माणूस जिथे सांगितलंय तिथेच बघतो. अंदाजाच्या जागेभोवतीचा चौकोन मोठा केला, तीन थप्प्या फिरवल्या, काही नाही, वहीत लिहिलं, झाकण लावलं. कोपरे बघायला आणखी १० मिनिटं लागली असती.

या कामात जागा मोजतात ती विकलांमध्ये. एक विकला म्हणजे ५ किलोमीटरवरच्या कोटाच्या मोठ्या बटणाची रुंदी. आमची मोजणी त्याच्याही अर्ध्या-पाव हिश्शाची असावी अशी अपेक्षा असते. त्यात घड्याळाची वेगळीच कटकट. जवळून जाणारा एखादा लघुग्रह सेकंदाला एक विकला सहज पळतो. संगणकाचं घड्याळ तीन सेकंद मागे असेल तर तुम्ही बिनदिक्कत तीन विकलांनी खोटी जागा कळवता. माझं असं एकदा झालं आहे. बाकी सगळ्यांची मोजमापं कक्षेवर छान बसलेली आणि माझी चारही एकाच बाजूला, एकसारखी घसरलेली, शाळेत रांगेबाहेर उभी केलेली मुलं असतात तशी. निरीक्षण आणि गणित यांतल्या या फरकाला आम्ही रेसिड्यूअल म्हणतो. त्या दिवसापासून दुर्बिणीच्या आधी मी घड्याळ लावते. पण घड्याळाची चूक निदान आकड्यात दिसते. न बघितलेल्या कोपऱ्याचं रेसिड्यूअल कोण काढणार?

माझ्या ओळखीतला पहिला एफिमेरिस, म्हणजे कोण कधी कुठे असेल याचा तक्ता, माझ्या आईने केला होता. घरात फोन नव्हता तेव्हाची गोष्ट. बाबा यंत्रदुरुस्तीच्या कामावर असायचे, कुठे कुठे मोटारसायकलवर जायचे आणि रात्री उशिरा परतायचे. आई खिडकीशी बसून, हातातलं काम न थांबवता, घड्याळाकडे बघून मधूनमधून जाहीर करायची : आत्ता निघाले असतील. आत्ता पूल ओलांडला असेल. आत्ता निम्म्यावर आले असतील. ते कोणाला उद्देशून नसायचं. मला त्या वाक्यांवर पूर्ण विश्वास होता. ती म्हणाली की मला पुलावरची मोटारसायकल दिसायचीच. उशीर व्हायला लागला की मात्र तिचं ‘आत्ता’ लांबायला लागायचं. निम्म्यावर असतील, नाहीतर अजून पुलाच्या पलीकडेच असतील, नाहीतर टायर बसला असेल, नाहीतर निघालेच उशिरा असतील. एक जागा होती तिची एक लांबलचक पट्टी व्हायची. पण ती पट्टी नेहमी रस्त्यावरच असायची. बाबा शेतात असतील, दुसऱ्याच गावाला निघाले असतील, असं आईने कधी म्हटलं नाही. लघुग्रहाचंही हेच असतं, हे मला तीस वर्षांनी पडद्यावरची ठिपक्यांची माळ बघताना कळलं. दिवस जातील तशी अनिश्चितता वाढते ती मुख्यतः वाटेच्या लांबीत. वाट बरीचशी ठाऊक असते. वाटेवर कुठवर पोचला, ते नसतं.

त्या खिडकीतून रस्ता दिसायचा तो एक वळण सोडून. अंधारात एकच दिवा हलताना दिसला की माझा आणि आईचा वाद व्हायचा. जवळची सायकल की लांबची मोटारसायकल? जवळची हळू चालणारी वस्तू आणि लांबची वेगात जाणारी वस्तू अंधारात सारखीच सरकते. चार फोटोंवरून कक्षा काढताना अगदी हीच पंचाईत असते. आकाशातली दिशा मिळते, सरकण्याचा वेग मिळतो. अंतर मात्र मिळत नाही, आणि अंतर नाही म्हणजे काहीच नाही. मग प्रोग्राम शेकडो शक्यता धरून चालतो : समजा जवळ असेल तर उद्या इथे, लांब असेल तर तिथे. त्या शक्यतांचा पुंजका दुसऱ्या दिवसापर्यंत चंद्राच्या बिंबाच्या कितीतरी पट पसरतो. आईने यावर एक तोडगा काढला होता. दिवा दिसला की ती झटकन स्वयंपाकघराच्या खिडकीत जायची आणि तिथून बघायची. दिवा जवळचा असेल तर मागच्या झाडांच्या तुलनेत त्याची जागा बदललेली दिसायची. आम्ही घर बदलू शकत नाही, पण पृथ्वी फिरते. चार-सहा तासांत ती निरीक्षकाला काही हजार किलोमीटर बाजूला नेऊन ठेवते. म्हणून नवा लघुग्रह त्याच रात्री पुन्हा, किंवा दुसऱ्या खंडावरून, बघायला मिळाला की सोनंच. अर्धी शक्यता तिथल्या तिथे गळून पडते.

एकदा बाबा आलेच नाहीत. बारा वाजले, एक वाजला. आई खिडकीत. मधूनमधून मी झोपेतून विचारायचे आणि ती म्हणायची, ‘दिसत नाहीत अजून.’ पहाटे पाणी भरायला मागचं दार उघडलं तर बाबा पायरीवर भिंतीला टेकून झोपलेले, बाजूला पंक्चर झालेली मोटारसायकल. रस्त्यात टायर बसला, म्हणून मागच्या बोळातून ढकलत आणली, दार वाजवून मुलांना कशाला उठवा म्हणून तिथेच टेकले. दीड वाजल्यापासून तिथे होते. आई त्यांच्यावर इतकी चिडलेली मी आधी कधी पाहिली नव्हती. चिडण्याचं कारण तेव्हा कळलं नव्हतं.

लघुग्रह शोधण्याच्या इतिहासाची सुरुवातच हरवण्याने झाली आहे. १ जानेवारी १८०१ च्या संध्याकाळी सिसिलीतल्या पालेर्मोच्या वेधशाळेत ज्युझेप्पे पियाझ्झी ताऱ्यांची सूची करत होता. त्याची पद्धत अशी की प्रत्येक तारा एकापेक्षा जास्त रात्री मोजायचा. वेळखाऊ, कंटाळवाणी पद्धत. पण तिच्यामुळेच वृषभेतला एक मंद तारा दुसऱ्या रात्री जागेवर नाही हे त्याला समजलं. पुढचे ४१ दिवस तो जमेल तेव्हा त्याच्या मागे राहिला. ११ फेब्रुवारीला शेवटचा वेध, मग आजारपण, आणि तोवर तो ‘तारा’, म्हणजे पहिला सापडलेला लघुग्रह सेरेस, सूर्याच्या उजेडाकडे सरकला. पुढची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे : गाऊस या २४ वर्षांच्या गणितज्ञाने तेवढ्याशा वेधांवरून कक्षा काढली, त्याने सांगितलेल्या जागेच्या आसपास शोध घेतल्यावर सेरेस परत मिळाला. गाऊसबद्दल भरभरून लिहिलं जातं आणि ते योग्यच आहे. पण मला त्या गोष्टीतला फॉन झाख हा जर्मन खगोलशास्त्रज्ञ जास्त जवळचा वाटतो. डिसेंबरात गाऊसचं गणित हाती आल्यावर ७ तारखेला त्याला त्या भागात एक संशयास्पद तारा दिसला आणि मग आभाळ भरून आलं. खात्री करायला थेट ३१ डिसेंबर उजाडावा लागला. ते चोवीस दिवस त्याने कसे काढले असतील? रोज संध्याकाळी बाहेर येऊन वर बघायचं, आणि वर ढग. दुसऱ्या दिवशी ओल्बर्स या आणखी एका जर्मन निरीक्षकानेही स्वतंत्रपणे सेरेस पाहिला. पियाझ्झीने पहिल्यांदा पाहिल्याला बरोबर एक वर्ष झालं होतं.

सगळ्यांच्या नशिबात गाऊस नसतो. योहान पालिसाने १९११ मध्ये व्हिएन्नात शोधलेला ७१९ आल्बर्ट थोडे दिवस दिसून गेला तो थेट २००० साली सापडला. क्रमांक मिळालेल्या लघुग्रहांतला तो शेवटचा बेपत्ता होता. म्हणजे ८९ वर्षं रजिस्टरात नाव आणि घरात माणूस नाही. हर्मीसचं प्रकरण अजून चटका लावणारं. कार्ल राइनमूटला २८ ऑक्टोबर १९३७ ला हायडेलबर्गमध्ये फोटोच्या काचेवर त्याची रेघ मिळाली. पृथ्वीपासून चंद्राच्या दुपटीहूनही कमी अंतरावरून तो निघून गेला. हाती आले ते जेमतेम पाच दिवसांचे वेध. १५ ऑक्टोबर २००३ ला ब्रायन स्किफला तो पुन्हा दिसला, ६६ वर्षांनी. मधल्या काळात तो सूर्याभोवती कित्येक फेऱ्या मारून, काही वेळा आपल्या जवळूनही जाऊन आला होता. परत मिळाल्यावर रडारने बघितलं तर तो एक नव्हताच. जवळजवळ सारख्या आकाराचे दोन दगड एकमेकांभोवती फिरत होते. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली, तो जोडीने फिरत होता.

अशा वेळी मला २००६ क्यूव्ही८९ आठवतो, आणि लाजल्यासारखं होतं. २००६ च्या ऑगस्टात सापडलेला हा लहानसा लघुग्रह १० दिवस दिसून हरवला. जे वेध हाती होते त्यांवरून ९ सप्टेंबर २०१९ ला तो पृथ्वीवर आदळण्याची बारीकशी शक्यता उरत होती. तो नक्की कुठे आहे कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणजे शोधणंही अवघड. पण एक गोष्ट ठाऊक होती : आदळणारच असेल, तर जुलैच्या सुरुवातीला तो आकाशात नेमका कुठे दिसायला हवा. ४ आणि ५ जुलै २०१९ ला चिलीतल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपने तेवढाच तुकडा खोलवर टिपला. तिथे काही नव्हतं. म्हणून धडक रद्द. लघुग्रह सापडलेलाच नव्हता, तो त्यानंतर ऑगस्टमध्ये मिळाला. पण न दिसण्याच्या जोरावर निकाल लागून गेला होता. त्यांचं ‘दिसला नाही’ आणि माझं ‘दिसला नाही’ शेजारी शेजारी ठेवून बघा. त्यांनी आधी ठरवलं होतं की असेल तर किती मंद असेल, कुठल्या पट्टीत असेल, आणि आपल्या दुर्बिणीला तो दिसायलाच हवा की नाही. तेव्हाच त्या रिकाम्या फोटोला ‘तिथे नाही’ म्हणायचा अधिकार येतो. माझ्या वहीत लिहायला हवं होतं ते एवढंच : झोप आली.

तसं बघितलं तर जुन्या फोटोंनी मोठमोठी कामं केली आहेत. अपोफिस हा लघुग्रह जून २००४ मध्ये ॲरिझोनातल्या किट पीक वेधशाळेतून दोन रात्री दिसला आणि हातातून गेला. डिसेंबरात ऑस्ट्रेलियातून पुन्हा सापडला आणि नाताळाच्या सुमारास १३ एप्रिल २०२९ ला तो आदळण्याची शक्यता २.७ टक्क्यांपर्यंत चढली. मग कोणीतरी मार्च २००४ चे जुने फोटो उघडले. तो त्यांत होता. तेव्हा कोणाच्या लक्षात आला नव्हता एवढंच. त्या काही महिन्यांच्या जोडणीने २०२९ ची धडक निकालात निघाली. आता तो त्या दिवशी जमिनीपासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाईल आणि नुसत्या डोळ्यांनी दिसेल. टक्के चढत जाण्याची ही तऱ्हा फार फसवी असते. २०२४ वायआर४ या लघुग्रहाच्या वेळी, २०२५ च्या फेब्रुवारीत, रोज कोणी ना कोणी मला विचारायचं की हे तुमचे लोक जितकं बघतात तितका धोका कसा वाढतो? १८ फेब्रुवारीला ३.१ टक्के झालं तेव्हा तर मलाच नीट झोप लागेना. उत्तर आईच्या पट्टीत आहे. बाबा कुठे असतील याची पट्टी जसजशी आखूड होते, तसतसा त्या पट्टीतल्या पुलाचा वाटा वाढत जातो, कारण पूल आहे तेवढाच राहतो. एका क्षणी पट्टीचं टोक पूल ओलांडतं आणि पुलाचा वाटा एकदम शून्य. वायआर४ च्या बाबतीत तो क्षण आठवड्याच्या आत आला आणि २२ डिसेंबर २०३२ ची धडक बाद झाली. गणित मला समजतं. समजूनही त्या दिवसांत दर सकाळी आधी आकडा बघायचे, मग तोंड धुवायचे.

या धंद्यात फजितीही कमी नाही, ते सांगून टाकते. जानेवारी २०२५ मध्ये एका नव्या पृथ्वीनजीकच्या लघुग्रहाला रीतसर २०१८ सीएन४१ असं नाव मिळालं आणि १७ तासांत काढून घ्यावं लागलं. ती २०१८ साली अंतराळात सोडलेली टेस्ला कंपनीची मोटारगाडी निघाली. २००२ मध्ये एका हौशी निरीक्षकाला मिळालेली वस्तू अपोलो १२ च्या अग्निबाणाचा तिसरा टप्पा होता, असं तिच्या वर्णपटातल्या रंगलेपाच्या खुणांवरून दिसलं. वाट काढत काढत घरी आलेलं आपलंच सामान.

आणि एक रात्र अशीही आहे जिचा मला हेवा वाटतो. ६ ऑक्टोबर २००८. ॲरिझोनातल्या माउंट लेमनवरून रिचर्ड कोवाल्स्कीला एक ठिपका दिसला, आणि काही तासांत गणिताने सांगितलं की हा दिवसभराच्या आत पृथ्वीवर येतोय. ४ मीटरचा दगड. पुढच्या त्या तासांत जगभरच्या हौशी आणि व्यावसायिक वेधशाळांनी त्याचे साडेपाचशेच्या वर वेध पाठवले. ज्याच्या त्याच्या आभाळात तो आला की त्याने मोजायचं आणि पुढच्याच्या हाती द्यायचं. शेवटी तो पृथ्वीच्या सावलीत शिरला आणि विझला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सुदानमधल्या न्युबियन वाळवंटावर पेटला. सांगितलेल्या वेळी, सांगितलेल्या ठिकाणी. आधी अवकाशात बघून मग पडलेला तो पहिला. नंतर खार्टूम विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी वाळवंटात रांगा करून चालत चालत त्याचे तुकडे वेचले. काळे, हातात मावणारे. त्या रांगेतल्या टोकाच्या मुलाला कोपरा बघायचा कंटाळा आला असता तर? असले प्रश्न आता मला पडतात.

त्या दुपारी मी माझ्या कोपऱ्यातल्या ठिपक्याची तीन वेळा मोजणी केली. कडेच्या वाकड्या ताऱ्यांमुळे ती वाईटच येणार होती. अर्ध्या विकलेपेक्षा चांगली काही होईना. ती तीन मोजमापं आणि सर्वेक्षणाची आधीची चार प्रोग्रामला एकत्र दिली, तर कक्षा बसली. म्हणजे तोच असावा. २१ तासांची कक्षा. तीन वेध, ऐंशी-ऐंशी अक्षरांच्या तीन ओळी, पंच कार्डांच्या जमान्यापासून चालत आलेल्या साच्यात. १८ दिवस उशिराने पाठवल्या. यंत्राची पोच आली. जोडणी होईल न होईल. कोणाशीच न जुळलेल्या एकट्या वेधांची एक वेगळी फाइल असते, तिच्यात लाखो ओळी पडून आहेत, तिथेही जाऊन बसतील. कोणी कधी हर्मीससारखा त्याला पुन्हा पकडला, तर मागे मागे गणित करत माझ्या त्या तीन ओळींपर्यंत येईल. जोडणी झालीच तरी आता त्याला शोधणं माझ्या हातात राहिलेलं नाही. आज तो कुठे असेल म्हणून विचारलं तर पडद्यावर आडवी पट्टी आली, आकाशात हात लांब करून वीत पसरली तर जेमतेम झाकली जाईल एवढी. आणि तो आता इतका मंद झालाय की माझ्या १४ इंचांच्या ऐपतीबाहेर गेला आहे.

संध्याकाळी दुर्बिणीचं झाकण काढत होते तेव्हा आई बाहेर आली. तिच्या-माझ्यात गेली काही वर्षं एकाच गोष्टीवरून वाद चालू आहे, तो दारावरच्या दिव्याचा. बाबा परत येईपर्यंत तो दिवा लावून ठेवायची तिची पद्धत होती. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली, हात अजून अंधार पडला की आपोआप बटणाकडे जातो. मला तो दिवा नको असतो. त्याच्या उजेडात माझे सगळे मंद ठिपके बुडतात. यावरून आम्ही दोघी बऱ्यापैकी भांडलेल्या आहोत.

‘तो तुझा सापडला म्हणे,’ ती म्हणाली. दुपारी मी खुर्चीतून उठले होते ते तिने ऐकलं असणार.

‘सापडला. पण उशिरा बघितला.’

‘मग आता कुठे आहे?’

मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. तिने चष्मा कपाळावरून खाली घेतला, ती पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट पाहिली, आणि साधारण मध्यावर बोट ठेवलं. तिथे तो असण्याची शक्यता बाकी जागांइतकीच होती, पण मी काही बोलले नाही. पडद्यावर तिच्या बोटाचा ओलसर ठसा उमटला.

‘आणि आज कोण आहे?’

‘आज दुसरा. कालच सापडलाय. शेजारीशेजारी तीन चौकटी टिपाव्या लागतील, फार पसरलाय.’

‘हं.’ ती थोडा वेळ उभी राहिली. मग दाराकडे वळली आणि जाता जाता विचारलं, ‘बाहेरचा दिवा घालवू ना?’

‘हो, घालव.’

बटणाचा खटका ऐकू आला. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो. तोवर मी घड्याळ लावलं आणि दुर्बीण अंदाजाच्या जागेच्या खालच्या उजव्या कोपऱ्याकडे वळवली.